न प्यायलेली कॉफी आणि नववीचा वर्ग

मी फिंजान बोलतोय. कॉफीचा बिनकानाचा छोटा कप. मला कान नाही म्हणजे ऐकू येत नाही असं कुणी समजू नये. पंचवीस-तीस वर्षं मी माणसांच्या बोटांत राहिलोय आणि जे ऐकलं त्यातलं बरंच काही संताप यावा असंच होतं. तेव्हा बोलताना आवाज चढला तर चालवून घ्या.

माझ्या बुडावर चीनमधल्या कारखान्याचा शिक्का आहे, तो मी लपवत नाही. जन्म कुठे झाला हे माणसंच एकमेकांना उठता-बसता विचारतात. आम्हा भांड्यांना विचारतात ते एवढंच, की गळतोस का? मी गळत नाही.

बारा भावंडांच्या संचात, काठाला सोनेरी रेघ मिरवत, मी दमास्कसच्या बाजारातून सीरियातल्याच दरआ गावी एका घरात आलो. त्या घरची मुलगी रुदैना नुकतीच गणिताची पदवी घेऊन शाळेत शिकवायला लागली होती. पहिल्याच वर्षी तिला मागणी आली. आमच्या हौरान प्रांतात मागणी घालायची रीत अशी : मुलाकडचे वडीलधारे येतात, यजमान कॉफी देतो, आणि त्यांच्यातला म्होरक्या कप उचलून, न पिता, खाली ठेवतो. मग यजमानानं विचारायचं, “का पीत नाही?” तो म्हणतो, “एक मागणं आहे.” यजमान म्हणतो, “पी, मागणं मान्य.” विषय संपला. लग्न, भांडण, खून, सगळं त्या न प्यायलेल्या कॉफीवर मिटतं.

त्या दिवशी खाली ठेवलेला कप मी होतो. ठेवणारा हात अबू मुन्झिरचा, नवऱ्या मुलाच्या बापाचा. रुदैनाच्या वडिलांनी “पी” म्हणण्याआधी एक अट घातली, दाराआडून तिनंच सांगायला लावलेली : लग्नानंतरही ती शिकवणार. अबू मुन्झिर म्हणाला, “माझी जबान. ही शिक्षिका म्हणून माझ्या घरात येईल आणि शिक्षिका म्हणूनच राहील.” आणि त्यानं मला एका घोटात रिकामं केलं. लग्नानंतर आमचा संच रुदैनाबरोबर तिच्या सासरी गेला.

तो शब्द त्यानं चौदा वर्षं पाळला. पुढे युद्धानं त्याला खोटं पाडलं.

घर गेलं, शाळा गेली. चार वर्षं जॉर्डनमध्ये गेली. तिथे रुदैनाला शिकवायची परवानगी नव्हती. मग सिडनी. मुन्झिरच्या, म्हणजे रुदैनाच्या नवऱ्याच्या, लोकरीच्या मोज्यांत गुंडाळून आम्ही पाच जण इथवर पोहोचलो, बाकीचे सात वाटेत फुटले. रुदैनाचं पदवीचं प्रमाणपत्र मात्र तिनं अंगाशी बांधून आणलं होतं. त्याला चीरसुद्धा पडली नाही.

सिडनीच्या पंचबोल उपनगरात, म्हाताऱ्या अबू मुन्झिरसह सगळ्यांना, दोन खोल्यांचं घर मिळालं. मुन्झिर सामान पोचवायच्या गाडीवर लागला आणि रुदैना चिरलेल्या भाज्या पिशव्यांत भरायच्या कारखान्यात. आत कायम फ्रिजसारखी थंडी. डोक्याला जाळीची टोपी, हातात दोन-दोन हातमोजे. तिथल्या मुकादमाला रुदैना म्हणता येईना, म्हणून तो तिला रोडी म्हणायचा. ती घरी यायची तेव्हा बोटं इतकी गारठलेली असायची की आधी मला दोन्ही हातांत धरून बसायची, कॉफी नंतर प्यायची.

इथल्या रेडिओवर रोज कुणीतरी तावातावानं सांगायचं की हे लोक मिसळत नाहीत, शिकत नाहीत, काम करत नाहीत. मी फडताळात बसून ऐकायचो. त्या बोलणाऱ्याला एकदा आमच्या स्वयंपाकघरात आणून बसवावं असं फार वाटायचं. तिथे पंचेचाळिशीची बाई आठ तास कोबी भरून आल्यावर इंग्रजी क्रियापदं पाठ करत असायची. परीक्षेत ती दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा पास झाली. चौदा वर्षांचा अनुभव इथल्या शिक्षक-नोंदणी कार्यालयानं मान्य केला. उरली एकच गोष्ट : कुठल्या तरी शाळेत, तिथल्या शिक्षकाच्या देखरेखीखाली, सहा आठवडे शिकवून दाखवायचं.

त्यासाठी एक शाळा हवी होती. एकच.

तिनं एकोणीस शाळांना लिहिलं. अकरांनी उत्तरच दिलं नाही. सात शाळांनी शुभेच्छा दिल्या. एका शाळेनं विचारलं, त्यापेक्षा पोषण-आहाराच्या खिडकीवर काम कराल का, तिथे भाजी चिरायला माणूस हवंय. इंग्रजीचा निकाल दोन वर्षंच धरला जातो आणि त्यातले वीस महिने संपले होते. वर्षअखेरपर्यंत शाळा मिळाली नाही तर सगळं पहिल्यापासून. आणि पहिल्यापासून करायची ताकद आता नाही, हे तिनं नवऱ्याला एकदाच सांगितलं, ओट्याकडे तोंड करून.

ते म्हाताऱ्यानं ऐकलं.

अबू मुन्झिर तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी त्यानं ठेवणीतला कोट काढला, शेजारच्या अबू फरहानला सोबत घेतलं आणि सुनेला न सांगता मुलांच्या शाळेकडे निघाला. नातवंडं त्याच शाळेत जायची. ती एकोणीसांतली नव्हती. मुलांना लाज वाटेल म्हणून रुदैनानं तिथे लिहिलंच नव्हतं.

अबू फरहानला इंग्रजी येत होतं. त्यानं वाटेत विचारलं की मी काय बोलू? म्हातारा म्हणाला, तू फक्त नमस्कार-चमत्कार कर, मागणं मी कपानं मांडीन.

आता अडचण अशी की तिथे कॉफी कोण देणार? म्हणून त्यानं थर्मास भरून घेतला होता आणि आम्हा तीन फिंजानांना रुमालात बांधून आणलं होतं. मुख्याध्यापिका जॅनिस लँगली या उंच, घाईतल्या, पण तोंडावर हसू असणाऱ्या बाई. म्हाताऱ्यानं थर्मास त्यांच्या हाती दिला आणि खुणेनं सांगितलं, तुम्ही ओता. बाईंना गंमत वाटली. त्यांनी ओतली. स्वतः एक घोट घेतला, वेलदोडा ओळखला, छान आहे म्हणाल्या.

अबू मुन्झिरनं मला उचललं, छातीपर्यंत आणलं आणि टेबलावर ठेवून दिलं. न पिता.

मी काठोकाठ भरलेला होतो. माझ्यात एका बाईची चौदा वर्षं होती, एकोणीस नकार होते आणि एका म्हाताऱ्याची जबान होती. म्हातारा वाट बघत होता. आता ती विचारील. दुनियेत असा कोण यजमान आहे की जो पाहुण्याची न प्यायलेली कॉफी बघून गप्प बसेल?

लँगलीबाई गप्प बसल्या. इथे कुणी कॉफी प्यायला नाही तर का म्हणून विचारणं हे आगाऊपणाचं समजतात. त्यांनी सौजन्यानं नजर वळवली, शाळेच्या भाजीच्या वाफ्याबद्दल माहिती दिली, दोघांनाही शाळेचं कॅलेंडर भेट दिलं. मग घंटा झाली. बाई उठल्या, हात मिळवला आणि म्हणाल्या की समाजातले ज्येष्ठ असे भेटायला आले की बरं वाटतं. त्यांच्या मदतनिसानं चटपटीतपणे टेबल आवरलं, थर्मास परत दिला, आणि आम्हा तिघांना मागच्या मोरीवर नेऊन ठेवलं.

म्हातारा मान खाली घालून निघाला. फिंजान मागून घ्यायचंही त्याला भान राहिलं नाही. आमच्यात याला एकच अर्थ : मागणं धुडकावलं.

त्याचा माझ्यावर राग नव्हता, पण माझा मात्र साऱ्या जगावर होता. दोन्हीकडची माणसं चांगली, दोन्हीकडचे रिवाज सभ्य, आणि या दोन सभ्यपणांच्या मधल्या फटीत एक बाई आयुष्यभर कोबी भरत राहणार होती. ‘मिसळत नाहीत’ म्हणणाऱ्यांनी ती मोरी पाहायला हवी होती.

ती पाहिली उम्म वलीदनं. ही त्रिपोलीची लेबनानी बाई. एकतीस वर्षं या शाळेची साफसफाई तिच्याकडे. पाच मुख्याध्यापक तिनं येताना-जाताना पाहिले, त्यांतला एकही तिला घाबरला नाही असं झालं नाही. ती मोरीपाशी आली, दोन रिकामे कप विसळले, आणि मला भरलेला बघून तिचा हात थांबला. मला तसाच उचलून ती तडक लँगलीबाईंच्या खोलीत शिरली.

“हा कप कुणाचा?”

बाई म्हणाल्या की एक वयस्कर गृहस्थ आले होते, त्यांना बहुतेक कॉफी आवडली नाही.

“स्वतःची कॉफी, स्वतःच्या घरून आणलेली, आणि आवडली नाही? बाई, तुम्ही एवढ्या शिकलेल्या. एवढा वयस्कर माणूस तुमच्या दारात पदर पसरून बसला होता आणि तुम्ही त्याला कॅलेंडर दिलंत.”

मग तिनं रीत समजावली. लँगलीबाई खुर्चीत मागे टेकल्या. त्यांनी विचारलं, त्या गृहस्थांना हवं काय होतं?

“ते मला काय माहीत? मी केर काढते, मनं वाचत नाही. जाऊन विचारा.”

याबद्दल मी लँगलीबाईंना पूर्ण गुण देतो : त्या आल्या. दोनच दिवसांनी, शाळा सुटल्यावर, उम्म वलीदला बरोबर घेऊन आमच्या दारात. आम्हा तिघांना त्यांनी कागदात गुंडाळून आणलं होतं. घरात धावपळ झाली. शेजारून अबू फरहानला बोलावलं, खजुराची मामूल बिस्किटं निघाली, कॉफी उकळली. बाई शिकून आल्या होत्या. त्यांनी फिंजान उजव्या हातात घेतला, कॉफी प्यायली, तो खाली ठेवला आणि सरळ म्हणाल्या, “त्या दिवशी मी विचारलं नाही, माझं चुकलं. आता विचारते. तुमचं मागणं काय होतं?”

अबू फरहाननं अरबीत सांगितलं. सगळे म्हाताऱ्याकडे बघायला लागले. आणि म्हातारा छत न्याहाळत म्हणाला, “आता मी नाही सांगू शकत.”

उम्म वलीदनं कपाळावर हात मारला. “का रे बाबा?”

“त्या माझ्या घरी आल्यात. पाहुणीकडे मागणं मागायचं? माझ्या आजोबांची हाडं थडग्यात उठून बसतील.”

“बसू देत. पडून पडून त्यांनाही कंटाळा आला असेल.”

तो ऐकेना. अबू फरहानही पेचात, म्होरक्याच्या पुढे कसं बोलायचं? लँगलीबाईंच्या चेहऱ्यावर तेच सभ्य हसू पुन्हा यायला लागलं. आता त्या उठतील, आभार मानतील आणि आणखी एक कॅलेंडर देतील.

तेवढ्यात रुदैना कामावरून आली. अंगात कारखान्याचं जाकीट, हातात जाळीची टोपी. दारातूनच घरात मुख्याध्यापिका बसलेली बघून तिला वाटलं, मुलांनी काही केलं. उम्म वलीदनं चार वाक्यांत सगळं सांगितलं. रुदैनाचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. सासऱ्याला आमच्यात अम्मो म्हणजे काका म्हणतात. ती म्हणाली, “अम्मो, तुम्ही माझ्यासाठी कॉफी घेऊन गेला होता?”

म्हातारा अजून छताकडेच बघत होता. “मी तुझ्या बापाला जबान दिली होती. तो गेला म्हणून ती जात नाही.”

मागच्या वेळी ती दाराआड उभी होती आणि तिचं म्हणणं दुसऱ्यानं मांडलं होतं. या वेळी दाराआड जायला दोन खोल्यांच्या त्या घरात जागाच नव्हती. ती पुढे आली, टोपी खिशात कोंबली आणि इंग्रजीत म्हणाली, “मी गणिताची शिक्षिका आहे. मला तुमच्या शाळेत सहा आठवडे शिकवू द्या. उपकार म्हणून नको. आधी एक तास घेऊन बघा. नाही जमलं तर मी स्वतःच परत येणार नाही.”

लँगलीबाई लगेच हो म्हणाल्या नाहीत. गणित विभागाचे प्रमुख टॉड बेकवेल यांनी देखरेख करायला तयार व्हायला हवं, म्हणाल्या. गुरुवारी या.

बेकवेल तयार नव्हते. ते दुष्ट नव्हते. थकलेले होते, आणि थकलेला माणूस नियमाच्या आड छान बसतो. या बाईंचा उच्चार मुलांना कळणार नाही, पालक तक्रार करतील, आणि नववीचा हा वर्ग तर इथे जन्मलेल्या दोन शिक्षकांना रडवून बसलाय, असं त्यांचं म्हणणं. ठीक आहे, याच वर्गावर घ्या तास, ते म्हणाले. विषय त्यांनी दारात सांगितला, तयारीला वेळ न देता : घनफळ.

मी रुदैनाच्या कोटाच्या खिशात होतो. सकाळी म्हाताऱ्यानं थर्मास भरून दिला होता आणि मलाही तिच्या हाती ठेवलं होतं.

तिनं पेन उचललं आणि फळ्यावर समीकरण लिहायला लागली. उजवीकडून डावीकडे.

आमच्याकडे गणित तसंच लिहितात. तिनं चौदा वर्षं तसंच लिहिलं होतं, हात आपोआप तिकडून निघाला. वर्गात हशा फुटला. मागच्या बाकावरची जेड नावाची मुलगी ओरडली, “मिस, फळा उलटा धरलाय का?” बेकवेल मागे खुर्चीत बसले होते. त्यांनी वहीत काहीतरी टिपलं.

रुदैना थांबली. ती रडेल असं मला वाटलं, आणि मला वाटतं तिलाही वाटलं. मग ती वळली आणि म्हणाली, “माझ्या हाताला चौदा वर्षांची सवय आहे, तो पुन्हा चुकणार. जो पहिला पकडेल त्यानं फळ्यावर यायचं, पुढचं गणित त्याचं.”

आणि संपलं. तीस पोरं फळ्याकडे अशी बघायला लागली जशी मांजर बिळाकडे. डोळे हलेनात. या वर्गानं गेल्या दोन वर्षांत फळ्याकडे एवढं बघितलं नव्हतं.

तिनं मला खिशातून काढलं आणि टेबलावर ठेवलं. “यात किती कॉफी मावते? अंदाज सांगा.” पंचवीस मिलिलिटरपासून दोनशेपर्यंत आकडे आले. मग पट्टी. माझी आतली उंची चार सेंटिमीटर, वरची त्रिज्या तीन, खालची दोन. वरची त्रिज्या धरून गणित केलं तर उत्तर एकशे तेरा. खालची धरून केलं तर पन्नास. वर्गात दोन तट पडले, रीतसर भांडण जुंपलं. प्रयोगशाळेतून मोजपात्र आणलं, मला पाण्यानं काठोकाठ भरून त्यात ओतलं. एकोणऐंशी.

दोघेही चूक.

“का?” रुदैनानं विचारलं, आणि पुढे काहीच बोलली नाही. पूर्ण एक मिनिट. मुलांना उत्तर सापडायला वेळ देणं हे शिक्षकाचं सगळ्यात अवघड काम. तिनं ते गोळ्यांच्या आवाजातही केलं होतं, हे तर काहीच नव्हतं.

जेड मागून पुढे आली. तिनं मला डोळ्यांसमोर धरलं, आडवं केलं. “हा खाली निमुळता आहे. मग ना वरची घ्यायची ना खालची. मधली. अडीच.” तिनं फळ्यावर केलं : साडेअठ्ठ्याहत्तर.

“अर्धा मिलिलिटर कमी येतोय,” रुदैना म्हणाली. “तो कुठे गेला ते उद्या बघू.”

तासात तिचा हात आणखी तीनदा उलटा गेला. तीनही वेळा पोरांनी पकडला. शेवटचा मुद्दाम होता, हे मला माहीत आहे आणि बेकवेलनाही कळलं. तास संपल्यावर ते मागून चालत आले. तिच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “उद्या म्हणालात. म्हणजे उद्या येताय.” मग वही मिटून, “जेड मागच्या सत्रात एक शब्द बोलली नव्हती.”

सहा आठवड्यांची पहिली सही त्यांनी तिथेच केली. पुढच्या सगळ्या सह्याही त्यांच्याच. डिसेंबरात नोंदणीचं पत्र आलं. रुदैनानं कारखान्यात जाऊन जाळीची टोपी परत केली. मुकादमानं गुड लक रोडी म्हटलं, तेव्हा तिनं त्याला नाव दुरुस्त करायला लावलं. त्याला तीनदा म्हणायला लावलं, तिसऱ्यांदा जमलं. शिक्षकानं विद्यार्थी सोडायचा नसतो.

जानेवारीत शाळा उघडली आणि वेळापत्रकावर तिचं पूर्ण नाव छापून आलं. अबू मुन्झिर ते बघायला आत गेला. चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून त्यानं ते वाचलं, इंग्रजी अक्षरं येत नसताना. उम्म वलीदनं त्याला चिडवलं की काय कळलं रे तुला? तो म्हणाला, लांबी. एवढं लांब नाव आमच्याच घरचं असणार.

आज रुदैना त्या विभागात बेकवेलांच्या खालोखाल आहे. परदेशातून आलेले शिक्षक तिच्या देखरेखीखाली सहा आठवडे काढतात. आत्ता एक इराकमधल्या बसऱ्याचा माणूस आहे, पदार्थविज्ञानाचा, कालपर्यंत टॅक्सी चालवायचा. तिला लिहिलेल्या पत्राचं उत्तर त्याच आठवड्यात जातं. अकरा शाळांना जे जमलं नाही, ते एका बाईला जमतं.

माझं म्हणाल तर सोनेरी रेघ केव्हाच गेली. काठाला एक टवका उडालाय, शेकडो पोरांनी हाताळल्यावर दुसरं काय होणार? त्या टवक्यामुळे माझं घनफळ थोडं घटलं. नवा वर्ग दरवर्षी ते नव्यानं मोजतो आणि जुन्या वर्गाशी भांडतो.

मध्यंतरी नगरपालिकेतून दोघं आले होते. निर्वासितांच्या आठवणींचं प्रदर्शन भरवायचं होतं. मला काचेच्या पेटीत, मऊ दिव्याखाली, एका हळव्या चिठ्ठीसह ठेवणार होते. माणसं चांगली होती, इथे माणसं चांगलीच असतात. पण माझी हात जोडून एक विनंती आहे, मला हात नसले तरी. आमच्यासारख्यांना पेटीत ठेवून हळहळू नका. काम द्या आणि बाजूला व्हा.

रुदैनानं त्यांना सरबत दिलं, नीट ऐकून घेतलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाली, “माफ करा, त्याला वेळ नाही. त्याचा नववीवर तास आहे.”

घंटा झाली. मी निघतो.